घंटेला ठाऊक असलेलं आत्याचं वय

आमच्या हेझलकोट गावात कोण मेलं हे सांगायला कुणी दारोदार हिंडत नसे. ते काम चर्चच्या घंटेचं, आणि घंटा वाजवण्याचं काम माझ्या वडिलांचं. एरवी ते लोकांच्या घरांची गवती छपरं शाकारायचे. कुणी गेलं की थडग्याचा खड्डा खणायचे आणि मनोऱ्यात जाऊन दोर हातात घ्यायचे. पुरुष गेला तर तीन-तीन-तीन टोल, बाई गेली तर दोन-दोन-दोन. मग जरा थांबून वयाच्या एकेका वर्षाला एकेक टोल. लोक हातातलं काम टाकून आपापल्या फाटकाशी यायचे आणि बोटांवर मोजायचे.

"बाई. त्र्याऐंशी. गिरणीवरची म्हातारी असणार."

"छे गं, ती ब्याऐंशीचीच सांगायची."

"सांगायची! आता घंटा काय म्हणते ते बघ."

अशा गावात बाईमाणसाने वय चोरायचं म्हणजे मोठ्या हिमतीचं काम. माझ्या ड्रुसिला आत्याने ते लग्नाच्या आधीपासून मरेपर्यंत केलं. आणि एकाच गोष्टीला ती जन्मभर घाबरली. मरणाला नाही, मरणानंतरच्या टोलांना.

आत्या आणि वडील मूळचे टेकड्यांपलीकडचे. वडिलांना इथल्या चर्चचं काम लागलं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि त्यांचं घर सांभाळायला त्यांची थोरली बहीण म्हणून आत्या बरोबर आली. ती एकतीसची. पहिल्याच रविवारी चर्चच्या दाराशी इनॉक नावाचा चोविशीतला देखणा शेतगडी टोपी कुस्करत पुढे आला आणि म्हणाला, "तुम्ही जेथ्रोच्या धाकट्या बहीण ना?"

आत्याने श्वास घेण्यापुरता विचार केला. "हो," ती म्हणाली. "बावीस पुरी झाली मला."

झालं! एका वाक्यात नऊ वर्षं गेली, आणि माझे वडील तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होते ते सहा वर्षांनी मोठे झाले. त्यांना कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून घरात चार भिंतींच्या आत ते तिला ताई म्हणायचे आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की ड्रुसिला. ती मात्र चारचौघांत त्यांना इतक्या ठसक्यात "दादा" म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनीच हिला कडेवर खेळवलंय. वडील त्या शब्दासरशी दात दुखल्यासारखं तोंड करायचे. खोटं त्यांना पचतच नसे. हवेलीतल्या थोरल्या बाईसाहेब वारल्या तेव्हा त्यांच्या लेकीने "दोन वर्षं कमी वाजवा" असा निरोप धाडला होता. वडिलांनी उलट निरोप धाडला, "मग दोर तुम्हीच ओढा."

अडचण अशी होती की आत्याला गप्पा मारायची भारी हौस. तिची आवडती गोष्ट म्हणजे लहानपणीचा तो मोठा बर्फ. कुंपणं बुडाली, दारं बुडाली, आणि ती म्हणे कुंपणांच्या वरून चालत शाळेत गेली, एक बूट बर्फात हरवला आणि मास्तरांनी तिला स्वतःचा मोजा दिला. गोष्ट सांगता सांगता ती स्वतःच्या पायाकडे बघायची, इतकी ती खरी होती. आता मोठा बर्फ कधी पडला हे गावातल्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आत्याच्या हिशेबाने ती तेव्हा पाळण्यात होती. शेजारच्या पॉकॉकबाई गोष्ट ऐकताना नुसत्या गालात हसायच्या. पॉकॉकबाई म्हणजे गावची नोंदवही. कुणाचं मूल लग्नानंतर किती लवकर झालं हे त्यांना आईबापांपेक्षा नीट आठवायचं. फक्त आत्याचं वय त्यांच्या हाती लागत नव्हतं, आणि त्यामुळे त्यांना जेवण गोड लागत नसे.

इनॉक आतोबा, म्हणजे आत्याचा नवरा, हे सगळं पाइप ओढत ऐकायचे आणि गप्प बसायचे. तसे ते मुळातच गप्प. त्यांच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, आत्या आणि त्यांची डुकरीण डचेस, आणि दोघींचाही उल्लेख ते "ती" असाच करायचे. "ती आज घुश्शात आहे" म्हटलं की समोरच्याने विचारायचं, "कोणती?" दोघींचा घेरही साधारण सारखा होता, हे मी म्हणत नाही, माझी आई म्हणायची.

आणि या "ती"नेच एकदा घात केला.

मी नऊ वर्षांची होते. सोमवार होता. आत्याला आठवडाभर खोकल्याने धरलं होतं, रविवारी ती चर्चलाही आली नव्हती. वडील थडग्यांमधलं गवत कापत होते आणि मी त्यांच्यासाठी चहाची किटली घेऊन गेले होते. तेवढ्यात आतोबा फाटकातून आत आले. टोपी हातात, डोळे लालबुंद.

"जेथ्रो," ते म्हणाले, "ती गेली रे."

वडिलांच्या हातातला कोयता गळून पडला. "कधी?"

"पहाटे. कुशीवर वळली, एकदा हुं केलं, आणि संपलं. रात्री तर पोटभर जेवली होती."

"त्रास झाला का रे तिला?"

"नाही. माझा हात होता तिच्या पाठीवर." आतोबांना हुंदका आवरेना. "म्हणून तुझ्याकडे आलो. खड्डा तूच खणून दे. मला एकट्याला जमायचा नाही. तिचा घेर तर तुला ठाऊक आहे."

वडिलांनी मान हलवली. तो सगळ्या गावाला ठाऊक होता.

"सफरचंदाच्या झाडाखाली म्हणतोय मी," आतोबा म्हणाले. "तिथं लोळायला आवडायचं तिला."

"झाडाखाली? अरे, काहीतरी काय बोलतोस! इथे पुरायची तिला, त्या भिंतीशी. चांगलं ऊन येतं."

आतोबांनी डोळे पुसले आणि वर बघितलं. "इथे? चर्चच्या आवारात? पाद्रीसाहेब चालू देतील?"

"न चालायला काय झालं! बाप्तिस्मा झालाय तिचा!"

आतोबा वडिलांकडे बराच वेळ बघत राहिले. डचेसच्या मरणाचा आपल्यापेक्षा जेथ्रोलाच जास्त धक्का बसला, असं त्यांना वाटलं असावं. "तू म्हणशील तसं," एवढं बोलून ते गेले. आणि वडील डोळे पुसत मनोऱ्यात शिरले.

मी रडत घरी पळाले. आईने कणकेचे हात तसेच एप्रनला पुसले आणि माझं मनगट धरून आत्याच्या घराकडे निघाली. तोवर घंटा सुरू झाली होती. दोन, दोन, दोन. मग वर्षं. वडील दोन टोलांच्या मधे एक अख्खी प्रार्थना मनात म्हणायचे, त्यामुळे त्यांची घंटा फार सावकाश चालायची. आणि एकदा मोजायला लागले की कुणी हाक मारली तरी वळून बघायचे नाहीत. रस्त्याने आई प्रत्येक फाटकावर सांगत होती, "आमची ड्रुसिला," आणि फाटकाफाटकावर लोक हळहळत होते, पण बोटांवरची मोजणी काही थांबत नव्हती. किती वर्षांनी संधी आली होती!

आम्ही पोचलो तर पॉकॉकबाई आधीच हजर. आतोबा डुकराच्या खोपट्यापाशी उपड्या बादलीवर बसले होते आणि बाई त्यांची समजूत घालत होत्या.

"चांगली होती हो," पॉकॉकबाई म्हणत होत्या.

"अशी पुन्हा मिळायची नाही," आतोबा म्हणाले. "एकेका वेळेला बारा बारा व्हायची, पण एकाच्याही अंगावर कधी झोपली नाही."

पॉकॉकबाईंना ठसका लागला. आत्याला मूलबाळ नव्हतं.

"सप्टेंबरपर्यंत दुसरी आणावीच लागेल," आतोबा पुढे म्हणाले. "तरणी बघतो. थंडीत रिकामं घर बरं दिसत नाही."

"इनॉक!" आई ओरडली. "अजून ती गार नाही झाली!"

"झाली की. हात लावून बघ."

तेवढ्यात मागच्या धुण्याच्या खोलीचं दार उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला आणि वाफेतून ड्रुसिला आत्या आली. बाह्या वर, कोपरापर्यंत साबणाचा फेस, तोंडात कपड्यांचा चिमटा. खोकला असो नाहीतर मरण, सोमवारी धुणं म्हणजे धुणं. आत पाणी खदखदत होतं म्हणून तिला घंटा ऐकू आली नव्हती. आता आली.

"कोण गं गेलं?" तिने चिमटा काढून विचारलं. "बरीच लांबलीये वाटतं."

पॉकॉकबाईंनी किंकाळी फोडली आणि त्या कोबीच्या वाफ्यात बसल्या. आई तर सरळ आतोबांच्या मांडीवर बसली. मी एकटीनेच काय ते सांगितलं, "आत्या, बाबा तुझीच वाजवतायत."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अरे देवा. किंवा, कुणी सांगितलं त्याला? आत्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तिने एकच प्रश्न विचारला.

"किती झाले?"

"एकेचाळीस," पॉकॉकबाई कोबीतून म्हणाल्या. शुद्ध हरपली तरी त्यांची मोजणी चुकत नसे.

आत्या धावली. त्या वर्षी ती गावाच्या लेखी पन्नासची होती, आणि खरी एकोणसाठची. म्हणजे नऊ टोलांच्या आत चर्च गाठायचं होतं. लाकडी तळव्यांचे बूट खडखडवत, ओला एप्रन फडफडवत, फेस उडवत ती गल्लीतून निघाली, आणि मागून मी, आई, आतोबा, सगळ्यात शेवटी कोबीची पानं लागलेल्या पॉकॉकबाई. फाटकाफाटकाशी लोक टोप्या काढून उभे होते ते तसेच राहिले. जिच्यासाठी टोप्या काढल्या तीच समोरून पळत गेल्यावर टोपी घालायची की नाही, हे कुणालाच सुचेना. पाववाल्याचा घोडा उधळला. पाद्रीसाहेबांनी "गुड मॉर्निंग, ड्रुसिला" म्हटलं आणि मग त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"सेहेचाळीस!" कुणीतरी म्हणालं.

"तोंड मीट मेल्या!" आत्या पळता पळता ओरडली.

ती मनोऱ्याच्या दारात पोचली आणि पन्नासावा टोल पडला. "दादा, थांब! थांब म्हणते ना!" पण वडील पाठमोरे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठांवर प्रार्थना होती. मेलेल्या बहिणीचा आवाज ऐकू आला तरी मोजणी सोडायची नाही, असा माणूस तो! त्यांनी एक्कावन्नावा ओढला. आत्याने झेप घेतली आणि दोराला लटकली. दोर वडिलांच्या हातून सुटला. पण घंटेला एकदा झोका मिळाला की ती कुणाचं ऐकते? आत्या दोराबरोबर खाली-वर होत राहिली आणि घंटेने स्वतःच्या मनाने बावन्न दिला, त्रेपन्न दिला, आणि एक अर्धवट.

वडिलांनी वळून बघितलं.  आवाज फुटला तो असा, की बाहेर जमलेल्या अख्ख्या गावाने ऐकला.

"ताई!!"

 दारातून आत घुसलेल्या पॉकॉकबाईंचे डोळे दिव्यासारखे उजळले.

आत्या दोर सोडून उभी राहिली. धाप लागली होती, तरी तिने वडिलांच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, भानावर ये रे! दुःखाने डोकं फिरलंय माझ्या दादाचं. स्वतःच्या धाकट्या बहिणीला ओळखत नाहीये बघा!"

डचेसला शेवटी सफरचंदाच्या झाडाखालीच पुरलं. तिच्यासाठी घंटा आधीच वाजून झाली होती. असा मान आमच्या भागात दुसऱ्या कुठल्या डुकरिणीला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. गावात मात्र फूट पडली. पन्नास म्हणणारे, एक्कावन्न म्हणणारे, त्रेपन्न म्हणणारे, आणि "थांबवली नसती तर सत्तर गाठले असते" म्हणणाऱ्या पॉकॉकबाई. हा वाद दारूच्या गुत्त्यात कित्येक वर्षं चालला.

पुढच्या रविवारी आत्या आमच्याकडे शहाजिऱ्याचा केक घेऊन आली. वडिलांना मोठा तुकडा कापून दिला आणि म्हणाली, "जेथ्रो, मी खरीच जाईन तेव्हा नऊ कमी वाजव."

वडिलांनी घास खाली ठेवला. "ताई, दुसरं काहीही माग. छप्पर शाकारून देतो. पण घंटा खोटं बोलत नाही."

"घंटा कुठे बोलते? तू बोलतोस."

"मग मी खोटं बोलत नाही."

"तीन वर्षं तुझी वाट बघितली मी, मग तुला खेळवलं, न्हाऊमाखू घातलं, आणि हे फळ!" आत्या चिडली होती. पण तिचे डोळे भरून आले होते. "इनॉकसमोर, जेथ्रो. त्याच्या कानावर पडेल रे. मेल्यावर मला समजावूनही सांगता येणार नाही."

वडिलांनी बशी बाजूला सरकवली. केक तसाच उरला.

मग आत्याने दुसरा मार्ग धरला. वडिलांच्या आधी मरायचंच नाही. पुढचा घंटावाला कुणीही असो, त्याला काय माहीत! त्यामुळे ती वडिलांच्या तब्येतीची फार आस्थेने चौकशी करू लागली. "खोकला कसा आहे रे?" यात काळजी किती आणि आशा किती, हे त्या दोघांनाच माहीत. वडील छपरावर चढले की खाली उभी राहून "जपून रे!" म्हणायची आणि शिडी मात्र धरायची नाही. मग युद्ध आलं आणि शत्रू उतरला तरच वाजवायच्या म्हणून सरकारने देशभरच्या घंटा बंद केल्या. त्या हिवाळ्यात आत्याला न्यूमोनिया झाला. ती इतक्या आनंदात पडून होती की डॉक्टरांनाही नवल वाटलं. सगळ्यांचा निरोप घेतला, पाद्रीसाहेबांना बोलावलं, पॉकॉकबाईंना चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालायची आपली लोकरी टोपी दिली. आणि बरी झाली. चिडून आठवडाभर कुणाशी बोलली नाही, आणि किटलीची टोपी परत मागून घेतली.

युद्ध संपलं, घंटा पुन्हा वाजू लागल्या, आणि त्यानंतरच्या कडक हिवाळ्यात बर्फ कुंपणांपर्यंत चढला. आत्या खिडकीशी बसून बघायची. "हा काहीच नाही," ती म्हणायची. "मी शाळेत जायचे तेव्हाचा बर्फ..." आतोबा तिच्या पायांवर घोंगडी ओढायचे आणि मान हलवायचे. बर्फ वितळून गेला आणि डॅफोडिलं आली, तेव्हा एका सकाळी आतोबा चर्चच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. वडील सत्तरी ओलांडलेले, एकट्याने दोर झेपेना म्हणून मी त्यांच्या हाताखाली असायचे. आतोबा वडिलांच्या अगदी जवळ आले. एकेक शब्द नीट, सुटा उच्चारला.

"जेथ्रो. ड्रुसिला गेली. माझी बायको." मग थांबून म्हणाले, "डुक्कर नव्हे."

त्यांच्या तोंडून आत्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू आलं.

वडील मनोऱ्यात गेले. मी दोर धरायला पुढे झाले तर म्हणाले, "नको. हिची मीच वाजवणार." दोन, दोन, दोन. मी दारात उभी होते, तिथून सगळं गाव दिसत होतं. प्रत्येक फाटकाशी माणूस. पॉकॉकबाई आता काठी टेकत, पण ओठ हलत होते. शेजारच्या गावचेही काहीजण सायकली घेऊन आले होते. आणि थडग्यांच्या मधे आतोबा, टोपी छातीशी धरून.

साठ. एकसष्ट. गावाच्या लेखी आत्या सहासष्टची होती. घंटेच्या लेखी पंच्याहत्तर. वडिलांच्या मानेवरच्या शिरा ताठल्या होत्या. पासष्ट. सहासष्ट.

ते थांबले. दोर दोन्ही हातांत घट्ट धरलेला. मी वाट बघितली. एक प्रार्थना होईल इतकी, मग आणखी एक. मग त्यांनी दोर गुंडाळला आणि खुंटीला लावला.

"हात भरून आला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

बाहेर पॉकॉकबाई मोठ्याने रडत होत्या. "सहासष्ट! म्हणजे खरं बोलत होती गं बिचारी! मी किती काय काय म्हणाले तिला!" जेथ्रोची घंटा खोटं बोलत नाही, हे हेझलकोटमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं. लोकांनी टोप्या घातल्या आणि ते आपापल्या घरी गेले.

आतोबांनी घातली नाही. ते तसेच उभे होते, मान खाली, आणि त्यांचे ओठ सावकाश हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तर.

मग त्यांनी टोपी घातली.

वडील मनोऱ्याच्या दारात येऊन उभे होते. "तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पाळण्यातली पोर कुंपणावरून चालत शाळेत जाते होय रे?" आतोबा म्हणाले.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

आतोबांनी पाइप चाचपला, पेटवला नाही. "ती नऊ वर्षं माझ्या आधीची," ते म्हणाले. "माझ्या वाट्याला आलीच नव्हती. तिची तिलाच राहू देत."